प्रसंग निवडताना

दिग्पाल लांजेकर यांच्या ‘शिवराज अष्टक’ या मालिकेतले पहिले पाच चित्रपट 2018 ते 2023 या काळात आले: ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ आणि ‘सुभेदार’. दिग्दर्शक एकच. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत पाचही वेळा चिन्मय मांडलेकर, जिजाऊंच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी. एकच नायक, एकच चमू आणि प्रत्येक वेळी नवा पराक्रम, अशी लांब चालणारी मालिका मराठी पडद्यावर क्वचितच उभी राहिली आहे. त्यामुळे इंग्रजी महानायकांच्या चित्रपटांबद्दल पोरं एकमेकांना जो प्रश्न विचारत असतात, तो आता मराठी घरांतही विचारला जातो: यातला तुझा आवडता कुठला? चार माणसं बसलेली असतील तर चार उत्तरं येतात आणि वाद जेवणाच्या पानावरही थांबत नाही. हे पुस्तक त्या वादासाठी लिहिलं आहे.

वाद मिटवण्यासाठी मात्र लिहिलेलं नाही. तो नीट घालता यावा, एवढीच इच्छा आहे. कारण आवडता चित्रपट सांगणाऱ्याला ‘का?’ म्हणून विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा चित्रपटाबद्दल येत नाही, घटनेबद्दल येतं. ‘सुभेदार’ का आवडला? तर तानाजींनी मुलाचं लग्न बाजूला ठेवलं म्हणून. पण तानाजी मालुसरे 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री कोंढाण्यावर पडले ते इतिहासात पडले. चित्रपट चांगला असो वा वाईट, त्या मरणाची थोरवी त्यामुळे तसूभर वाढत नाही की घटत नाही. आपण प्रसंगाला वंदन करतो आणि ते चित्रपटाच्या खात्यावर जमा करतो. हे दोन हिशेब वेगळे केले, तरच आवड सांगण्याला काही अर्थ येतो. वेगळे करणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. ज्या प्रसंगाचं नाव घेतलं की अंगावर काटा येतो, त्याच्या चित्रणाकडे त्रयस्थ नजरेनं बघायचं म्हणजे मन घट्ट करावं लागतं. तरीही ते करायला हवं, आणि ते करणारे रसिक आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या आहेत.

मी हे लिहितो आहे ते उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्याला बसून. इथे सिनेमाचं थिएटर नाही. मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर बघायचा तर बेळगाव नाहीतर गोवा गाठायचा. बाकी सगळं टीव्हीवर आणि मोबाइलवर. पण माहीत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा बघण्याची आणि त्यातलं डावं-उजवं करण्याची सवय या जिल्ह्याला सिनेमापेक्षा कितीतरी जुनी आहे. ती यक्षगानानं लावली. पाऊस सरला की मेळे बाहेर पडतात आणि पुन्हा पाऊस लागेपर्यंत रात्र रात्र खेळ करतात. आज कुठला प्रसंग लावायचा, यावर आधी चर्चा होते. गोष्ट सगळ्यांना पाठ असते. भस्मासुराचा हात शेवटी त्याच्याच डोक्यावर जाणार, यात कुणाला शंका नसते. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात, कारण बघायचं असतं ते आज भस्मासुर कोण करतो आणि कसा करतो.

होन्नावरजवळच्या केरेमने घराण्याचे शिवराम हेगडे यांनी 1934 मध्ये इडगुंजी महागणपती यक्षगान मंडळी काढली. याच जिल्ह्यातले चिट्टाणी रामचंद्र हेगडे यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. यक्षगानाच्या कलावंताला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. चिट्टाणींचं नाव निघालं की लोकांना त्यांचा देव आठवत नाही. आठवतो तो कीचक, आठवतो भस्मासुर. रसिक त्या राक्षसाच्या बाजूचे नव्हते. त्या प्रसंगात कलावंताला नाचायला, थांबायला, लोभ आणि मोह अंगावर खेळवायला जागा होती, आणि चिट्टाणी ती जागा पुरेपूर वापरत. प्रसंग आवडणं वेगळं, प्रसंगातली जागा आवडणं वेगळं, हा भेद इथला शेतकरी प्रेक्षक कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकाशिवाय करत आला आहे.

याहून पुढची पायरी म्हणजे ताळमद्दळे. वेश नाही, नाच नाही. भागवत पद गातो आणि बसलेले अर्थधारी आपापल्या पात्राची बाजू तिथल्या तिथे, स्वतःच्या शब्दांत मांडतात. कर्णाचा पक्ष घेणारा आज तयारीचा असेल, तर ऐकणारा उठताना कर्णाच्या बाजूनं उठतो; पुढच्या खेपेला तोच प्रसंग कृष्ण जिंकून नेतो. कथेचा शेवट बदलत नाही, पण न्याय कुणाच्या पदरात पडला ते बदलतं. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या दशावतारातही लिखित संहिता नसते, संवाद नट रचत जातात आणि गावकरी दुसऱ्या दिवशी त्यावर बोलतात. ‘शिवराज अष्टका’तला आवडता चित्रपट निवडणाऱ्यानं या रसिकांकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं. या पुस्तकाची रीतही मी ताळमद्दळ्याकडून घेतली आहे: प्रत्येक चित्रपटाची बाजू आधी जमेल तितक्या ताकदीनं मांडायची, आणि निवड मग करायची.

आता या क्षेत्राचा नकाशा. शिवचरित्रातला एकेक प्रसंग सुटा काढून, तेवढाच रंगवून सांगायचा, ही पद्धत सिनेमावाल्यांनी शोधलेली नाही. अज्ञानदास शाहिरानं अफझलखानवधाचा पोवाडा रचला, तुळशीदासानं तानाजीचा. म्हणजे ‘शेर शिवराज’ आणि ‘सुभेदार’ यांचे विषय साडेतीनशे वर्षांमागेच निवडले गेले होते. शाहिराला अख्खं चरित्र सांगायचं नव्हतं. त्याच्यासमोर जमलेली माणसं, हातात डफ आणि एका बैठकीत संपेल एवढा वेळ होता. चित्रपटाची मर्यादाही जवळपास हीच असते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी सिंहगडाच्या प्रसंगावर कादंबरी लिहिली आणि तिच्या आधारानं बाबूराव पेंटर यांनी 1923 मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीची लढाई दाखवण्यासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. त्या चित्रपटात शेलारमामा झालेले तरुण नट म्हणजे व्ही. शांताराम. त्यांनी 1930 मध्ये प्रभातसाठी ‘उदयकाल’ काढला आणि महाराजांची भूमिका स्वतः केली. चित्रपटाचं मूळ नाव ‘स्वराज्य तोरण’ होतं. इंग्रज सरकारला त्यातला पहिला शब्द चालण्यासारखा नव्हता, म्हणून ते बदलावं लागलं. दहा वर्षं आधी पेंटरांच्याच ‘सैरंध्री’तल्या कीचकवधाच्या दृश्यावर सेन्सॉरनं कात्री चालवली होती, आणि त्याही आधी, 1910 मध्ये, खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली होती, कारण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखलं होतं. आमच्याकडे ज्या कीचकासाठी लोक चिट्टाणींना डोक्यावर घेत, तोच कीचक पुण्या-मुंबईत सरकारला डोईजड झाला. लोक कुठला प्रसंग जवळ करतात हे त्या त्या काळच्या दुखण्यावर ठरतं, याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

पेंटरांनी कोल्हापुरात सुरू केलेल्या या परंपरेला सर्वांत जास्त काळ वाहून घेतलं ते भालजी पेंढारकरांनी. ‘नेताजी पालकर’ 1939 चा, चंद्रकांत मांडरे महाराजांच्या भूमिकेत असलेला ‘छत्रपती शिवाजी’ 1952 चा. त्या चित्रपटात मिर्झाराजे जयसिंग झाले होते पृथ्वीराज कपूर. या दोन्हींच्या मध्ये, 1948 च्या जाळपोळीत, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला होता. तो पुन्हा उभा करून ते त्याच विषयाकडे वळले. भालजींचे महाराज थोडं बोलतात, सावकाश चालतात, आणि कॅमेरा त्यांच्याकडे देवघरात बघावं तसा बघतो. आजच्या पोरांना ते संथ वाटतात. मला त्या संथपणाबद्दल आदर आहे, कारण त्यात राजाचा विचार चाललेला दिसतो.

त्याच काळात मुंबईत दुसरं घराणं उभं राहिलं होतं. वाडिया मूव्हीटोननं 1935 मध्ये ‘हंटरवाली’ काढला. बुरखा घालून, चाबूक उगारून, धावत्या घोड्यावरून अन्यायाचा समाचार घेणारी नादिया त्यात होती, आणि 1943 मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ हा त्याचा पुढचा भागही आला. महानायकाच्या चित्रपटात जे जे लागतं, ते ते तिथे आहे: दुहेरी ओळख, ठरलेला वेश, अंगमेहनतीची करामत आणि पुढच्या भागाची हाव. दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’ 1917 मध्ये आणि ‘कालियामर्दन’ 1919 मध्ये काढून देव आणि चमत्कार आधीच पडद्यावर आणले होते. कोल्हापूरचा इतिहास, वाडियांची कसरत आणि फाळक्यांचा चमत्कार हे तीन प्रवाह आपल्याकडे बराच काळ वेगवेगळे वाहिले. आजच्या ऐतिहासिक चित्रपटात ते एकत्र आले आहेत, आणि आवडीचे बहुतेक वाद या संगमावरच होतात. एकाला इतिहास हवा असतो, दुसऱ्याला उडी हवी असते, तिसऱ्याला दर्शन हवं असतं. तिघंही एकाच तिकिटावर आत आलेले असतात.

अमेरिकेचा प्रवास थोडक्यात सांगतो. ‘सुपरमॅन’ 1978 चा, टिम बर्टनचा ‘बॅटमॅन’ 1989 चा, ‘एक्स-मेन’ 2000 चा. पण मालिका म्हणजे काय याची जगाची कल्पना बदलली ती 2008 च्या ‘आयर्न मॅन’पासून. मार्व्हलनं चित्रपटामागून चित्रपट एकमेकांत गुंफत नेले आणि 2019 चा ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ हा त्या साखळीतला बाविसावा चित्रपट होता. त्यातला टोनी स्टार्कचा, म्हणजे आयर्न मॅनचा, मृत्यू बघणाऱ्याला हलवतो, कारण अकरा वर्षांची ओळख त्यामागे उभी असते. एकही आधीचा चित्रपट न बघता आलेल्या माणसाला तो मृत्यू तेवढा भिडणार नाही. तिथे आवडता निवडायचा म्हणजे या साठलेल्या ओळखीचा हिशेब करावा लागतो. कुणी ‘एंडगेम’ निवडतो, कारण तिथे सगळं फळाला येतं. कुणी 2008 चा ‘द डार्क नाइट’ निवडतो, कारण हीथ लेजरच्या जोकरसमोर नायकालाच आपण बरोबर आहोत की नाही असा प्रश्न पडतो. चिट्टाणींच्या प्रेक्षकाला ही दुसरी निवड चटकन कळली असती.

मराठी मालिकेला ही ओळख स्वतः साठवावी लागत नाही. ती आधीपासून भरलेली आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकानं, थोरांना बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’नं आणि रणजित देसायांच्या ‘श्रीमान योगी’नं, आणि सीमेच्या अलीकडे आम्हाला शिवजयंतीच्या व्याख्यानांनी, कॅसेटवरच्या पोवाड्यांनी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तयार करून पाठवलेलं असतं. बाजीप्रभूंचं नाव उच्चारलं की पुढचं सगळं प्रेक्षकाच्या मनात आपोआप उलगडतं. दिग्दर्शकासाठी ही मोठी सोय आहे आणि मोठा धोकाही. पात्र उभं करण्याचं अर्धं काम न करताच टाळ्या मिळतात. म्हणून या मालिकेकडे बघताना मी एक कसोटी धरली: नाव काढून टाकलं तरी हा माणूस मला समोर दिसतो का?

‘अष्टका’ची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. पहिले चार चित्रपट काळात मागे मागे गेले आहेत. ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी फर्जंद साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतात ते 1673 साल. ‘फत्तेशिकस्त’मधला लाल महालावरचा छापा 1663 चा. ‘पावनखिंड’ 1660 ची, आणि ‘शेर शिवराज’मधली प्रतापगडाची भेट 10 नोव्हेंबर 1659 ची. मग ‘सुभेदार’ एकदम 1670 मध्ये उडी घेतो. म्हणजे पडद्यावरचे महाराज त्रेचाळीस वर्षांचे होते ते एकोणतिसाचे झाले, आणि मधल्या वर्षांत नट मात्र वयानं पुढे गेला. पहिल्या चित्रपटात आपण ज्या राजाला भेटतो, तो राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावरचा, माणसं घडवून झालेला राजा आहे. ती माणसं कशी मिळाली, कशी गेली, हे आपल्याला नंतर, उलट्या वाटेनं कळत जातं.

आता हेच पाच चित्रपट इतिहासाच्या क्रमानं लावून बघा: ‘शेर शिवराज’, ‘पावनखिंड’, ‘फत्तेशिकस्त’, ‘सुभेदार’, ‘फर्जंद’. 1659 मध्ये राजा स्वतः शामियान्यात शिरतो. 1660 मध्ये त्याला माणसं मागे ठेवून पुढे जावं लागतं. 1663 मध्ये तो पुन्हा स्वतः शत्रूच्या शयनगृहापर्यंत जातो. 1670 आणि 1673 मध्ये तो पाठवतो, आणि वाट बघतो. धोक्याच्या घटकेला राजा कुठे उभा आहे, ही या मालिकेची खरी कहाणी आहे, आणि आपली आवड बहुधा त्यावरूनच ठरते. ज्याला नायक स्वतः वाघासमोर उभा राहिलेला हवा, तो ‘शेर शिवराज’ निवडतो. ज्याला डोकं चालताना बघायला आवडतं, तो ‘फत्तेशिकस्त’कडे जातो, त्यात हेरगिरी आहे, वऱ्हाडाचं निमित्त आहे, लाखाच्या छावणीत मूठभर माणसं घुसवण्याचं गणित आहे. ज्याला विश्वास टाकणाऱ्या राजापेक्षा विश्वास पेलणारा माणूस जवळचा वाटतो, त्याला ‘फर्जंद’ नाहीतर ‘सुभेदार’.

अमेरिकन महानायकाला यातली पहिलीच जागा नीट जमते. कथा त्याच्या अंगातल्या शक्तीची असते, म्हणून शेवटच्या लढाईत तो हजर असावाच लागतो. त्याच्याऐवजी दुसरं कुणी लढलं तर चित्रपटच उरत नाही. शिवाजी महाराजांना मी महानायकांच्या रांगेत बसवत नाही, आणि या पुस्तकात तसं कुठेही केलेलं नाही. ते माणूस होते, त्यांना ताप येत होता, त्यांचे अंदाज चुकत होते, पुरंदरचा तह त्यांना करावा लागला होता. रचना मात्र शेजारी ठेवून बघितली पाहिजे, कारण आजचा पंधरा वर्षांचा प्रेक्षक दोन्ही एकाच मोबाइलवर, एकाच संध्याकाळी बघतो. आपल्या गोष्टीत काय वेगळं आहे ते त्याला कुणी दाखवलं नाही, तर तो ‘पावनखिंड’मध्येही थॉरचा हातोडा शोधत बसेल. आणि दिग्दर्शकही त्याला तो देऊ लागतील. ‘तान्हाजी’ 2020 मध्ये आणि ‘छावा’ 2025 मध्ये हिंदीत मोठ्या खर्चानं आले, देशभर चालले. पैसा वाढला की पराक्रमाचं मोजमाप किती माणसं किती उंच उडाली यात होऊ लागतं. भीती, थकवा, चिखल, पावसात भिजलेली तलवार या गोष्टी मागे पडतात. हे पुस्तक आत्ताच लिहावंसं वाटलं ते या काळजीनं.

माझी स्वतःची निवड ‘पावनखिंड’. हे उत्तर खूप जणांचं आहे याची मला जाणीव आहे, म्हणून कारणं सांगतो.

12 जुलै 1660 च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याबाहेर पडले. दुसरीकडे शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती लागले. विशाळगड गाठेपर्यंत पाठलाग थोपवायला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल थांबले. परंपरा त्यांची संख्या 300 सांगते. विशाळगडावरून तोफांचे आवाज झाले की राजे पोहोचले असं समजायचं. या प्रसंगाच्या ऐन गाभ्यात नायक नाही. तो मुद्दाम दूर पाठवला गेला आहे, आणि त्याचं जाणं हेच इतरांचं यश आहे. ज्याच्या नावावर मालिका चालते तो पडद्याबाहेर असताना चित्रपटाचा सर्वांत भारी तास उभा करायचा, ही कसोटी मला इतर चारांपेक्षा कठीण वाटते. लांजेकरांनी ती बाजीप्रभूंच्या भूमिकेतल्या अजय पुरकर यांच्या भरवशावर पेलली. पुरकरांचा बाजी वयानं मोठा, अंगानं जड, बोलण्यात कारभारी माणसाचा व्यवहार असलेला आहे. तो गर्जना करतो तेव्हा जितका पटतो, त्याहून जास्त पटतो तो राजांना पुढे जायला भाग पाडताना. हुकूम मानणाऱ्यानं राजाला हुकूम करायचा, हा क्षण त्यानं कसा केला ते बघण्यासाठी मी तो चित्रपट पुन्हा लावतो. त्या माणसाचं नाव मला माहीत नसतं तरी तो मला दिसला असता.

शिवाय प्रेक्षकाला शेवट माहीत असणं ही अडचण इथे उलट कामी येते. बाजीही वाट बघतो आहे आणि आपणही. तोफा होणार हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला नाही. त्यामुळे प्रत्येक वारागणिक आपली तगमग वाढते. यक्षगानात पहाटे भस्मासुराचा हात वर जाऊ लागतो तेव्हा मांडवात जे होतं, तेच.

उणिवा मी लपवणार नाही. पार्श्वसंगीत जिथे गप्प बसायला हवं तिथेही वाजत राहतं. घोषणा इतक्या येतात की शेवटच्या घोषणेसाठी अंगात त्राण उरत नाही. पूर्वार्धात वेढ्याची बांधणी लांबते. ‘सुभेदार’च्या बाजूचे लोक म्हणतात की त्यात घर आहे, लग्न आहे, मायलेकरं आहेत, म्हणून मरण जास्त लागतं. त्यांचं म्हणणं मी खोडू शकत नाही; ताळमद्दळ्यात ही बाजू मांडायला मला कुणी बसवलं, तर मीही ती मनापासून मांडेन. तिथे तानाजीही पुरकरच आहेत. तोच नट एका चित्रपटात खिंडीत पडतो, दुसऱ्यात गडावर. ‘फर्जंद’चे कोंडाजी झालेले अंकित मोहन ‘पावनखिंड’मध्ये रायाजी बांदल होतात. सिनेमाच्या जाणकारांना हे खटकतं; मार्व्हलमध्ये असं झालं तर प्रेक्षक गोंधळून जाईल, असं ते म्हणतात. मेळ्याच्या प्रेक्षकाला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. काल ज्यानं कीचक केला तो आज कर्ण करणारच. उलट एकाच नटाचे दोन वीर शेजारी ठेवता येतात, बाजीच्या जडपणात आणि तानाजीच्या मोकळेपणात त्यानं काय बदललं ते तपासता येतं, ही या मालिकेनं रसिकाला दिलेली देणगी आहे. तिचा उपयोग अजून फार कमी झाला आहे.

या पुस्तकात मी तो करून बघितला आहे. एकच प्रसंग पोवाड्यात कसा आहे, मूकपटाच्या काळात कसा हाताळला गेला, भालजींकडे काय झाला आणि आज काय झाला, हे जिथे जमलं तिथे शेजारी शेजारी ठेवलं आहे. इतिहास बरोबर की चूक याचा निवाडा केलेला नाही. तो अभ्यासकांचा प्रांत आहे आणि तिथे कागद बोलतो. कमाईच्या आकड्यांनाही निवडीत जागा दिलेली नाही. लेखांचा क्रम प्रदर्शनाचा नसून इतिहासाचा आहे, म्हणजे प्रतापगडापासून सुरुवात होते. ज्यांनी पाचही चित्रपट बघितले आहेत त्यांनी एकदा या क्रमानं पुन्हा बघावेत, आणि आपलं उत्तर बदलतं का ते तपासावं. माझ्या ओळखीच्या काही कन्नड मित्रांना मी असं करायला लावलं. राजकुमारांच्या 1975 च्या ‘मयूर’वर वाढलेली ही माणसं. बनवासीच्या कदंब राजाची ती कथा याच जिल्ह्याची आहे, आणि नायकानं शेवटी स्वतः तलवार उचलावी अशी त्यांची अपेक्षा पक्की. त्यांच्यातल्या बहुतेकांनी ‘शेर शिवराज’ निवडला आणि कारणं इतकी नेमकी दिली की त्या लेखाचा अर्धा भाग मला नव्यानं लिहावा लागला.

शेवटचा लेख न झालेल्या चित्रपटांवर आहे. फेब्रुवारी 1665 मध्ये महाराज स्वतः समुद्रमार्गे बसरूरपर्यंत उतरले, परतताना गोकर्ण, अंकोला करून कारवारला आले. दहा वर्षांनी, 1675 मध्ये फोंडा घेतल्यावर मराठी फौजा पुन्हा या किनाऱ्यावर उतरल्या आणि कारवार, अंकोल्याबरोबर काळी नदीवरचं कद्राही त्यांच्या ताब्यात आलं. काळी नदी आमच्या जोयडा तालुक्यात उगम पावते. पहिल्या स्वारीत राजा स्वतः गलबतावर आहे, किनारा अनोळखी आहे, आणि मुलखात मिर्झाराजांची फौज चालून येते आहे. जमिनीवरचा राजा आपण पाच चित्रपटांत बघितला. पाण्यावरचा राजा कसा उभा राहतो, कुणाचं ऐकतो, कुणाला पाठवतो, हे मराठी पडद्यावर दिसायचं राहिलं आहे. त्या चित्रपटात काय असावं आणि काय मुळीच नसावं, ते मी त्या लेखात मोकळेपणानं लिहिलं आहे.